अंदमान १८५८ साली सुरू होत नाही

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अंदमानवरच्या लेखाचा मसुदा परवा रात्री बसून वाचला. हात चांगला आहे तुझा, वाक्यं अडखळत नाहीत. पण पहिल्याच पानावर मी पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. ‘निर्मनुष्य बेटांवर इंग्रजांनी १८५८ साली वसाहत उभारली’ असं लिहिलंयस. निर्मनुष्य कसली? जिथे आज पोर्ट ब्लेअर आहे (आता कागदोपत्री श्री विजयपुरम), तिथे बेया लोकांची वस्ती होती. उत्तरेला बो, जेरू अशा दुसऱ्या जमाती, धाकट्या अंदमानात ओंगी, पश्चिमेच्या जंगलात जारवा. हजारो वर्षं नांदतं घर होतं ते.

चूक तुझ्या एकटीची नाही. आपण मराठी माणसं अंदमानला जातो ती सेल्युलर जेल बघायला. सावरकरांच्या कोठडीपुढे उभं राहतो, डोळे पुसतो, संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम बघतो नि दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट पकडतो. मीही पहिल्यांदा तेच केलं. काळं पाणी म्हटलं की आपल्याला कैदी आठवतो. ते पाणी कुणाच्या दारातलं होतं, हे डोक्यातही येत नाही. तो तुरुंग १८९६ ते १९०६ या काळात बांधला. म्हणजे त्याची पहिली वीट बसेपर्यंत इथल्या लोकांचं जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलं होतं.

तेव्हा सुरुवात बदल. ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ साली चॅथम बेटावर पहिली वसाहत मांडली, ती १७९२ मध्ये उत्तरेला हलवली आणि तापाने माणसं मरायला लागल्यावर १७९६ मध्ये गुंडाळली. हे दोन ओळींत उरक. खरा मुक्काम कर तो दुधनाथ तिवारीपाशी.

हा १८५७ च्या बंडातला शिपाई. मार्च १८५८ मध्ये कैद्यांच्या नव्या वसाहतीचा प्रमुख डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला आणि पुढच्याच महिन्यात दुधनाथ काही साथीदारांबरोबर पळाला. कलकत्ता चालत गाठता येईल अशा समजुतीने पळणारे तेव्हा बरेच होते. जंगलात बाणांनी साथीदार पडले. हा जखमी झाला, पण वाचला, आणि ज्यांनी बाण मारले त्यांनीच त्याला पुढे सांभाळला. वर्षभर तो त्यांच्यात राहिला, त्यांची बोली शिकला. लिपा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न लावून दिलं. इकडे कैद्यांच्या कुऱ्हाडी रोज थोडं थोडं जंगल खात पुढे सरकत होत्या. शेवटी मे १८५९ मध्ये अंदमानींनी एकजुटीने पोर्ट ब्लेअरच्या वसाहतीतल्या ॲबरडीनवर चालून जायचं ठरवलं. दुधनाथ आदल्या रात्री निसटला आणि त्याने इंग्रजांना खबर दिली. गलबतावरच्या तोफा आणि बंदुका तयार होत्या. धनुष्यबाणांचं काय झालं असेल ते तूच ताड. दुधनाथला माफी मिळाली नि तो मायदेशी गेला. लिपा तेव्हा गरोदर होती.

तुझ्या मसुद्यात दोनच बाजू आहेत, जुलमी इंग्रज आणि सोसणारे ‘आपण’. दुधनाथ त्यातल्या कुठल्या बाजूला बसतो, सांग बघू. इंग्रजांनी त्याला बेड्या घातल्या हे खरं, आणि त्याच इंग्रजांकडे तो धावत गेला हेही खरं. कैदी पायात कड्या घेऊन झाडं पाडत होते, स्वखुशीने नाही. पण झाड पडलं ते बेयांचंच. हा गुंता सोडवायच्या भानगडीत पडू नकोस. आहे तसा वाचकापुढे ठेव.

लढाईपेक्षा माणसं मेली ती मायेने. हा शब्द मी उपहासाने वापरतेय. १८६३ मध्ये पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर कॉर्बिन नावाच्या पाद्र्याच्या देखरेखीखाली ‘अंदमान होम’ सुरू झालं. अंदमानींना माणसाळवायचं, कपडे घालायचे, इंग्रजी शिकवायचं. आधी आणलेल्यांना पहाऱ्यातच ठेवलं होतं. त्या घरांतून तंबाखू आली, दारू आली, उपदंश आला, १८७७ मध्ये गोवर आला. ज्या रक्ताला गोवर माहीतच नाही त्याच्यात तो कसा पसरतो ते कुठल्याही डॉक्टरला विचार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही हजार असलेले ग्रेट अंदमानी (म्हणजे बेया, बो, जेरू वगैरे जमाती मिळून) १९०१ च्या शिरगणतीत ६२५ भरले. १९६१ मध्ये १९.

आकडे असे सुटे टाकून पुढे जाऊ नकोस, एवढं ऐक. १९ म्हणजे एका एसटीतही अर्ध्या जागा रिकाम्या राहतील.

आता साधनांबद्दल. तू पोर्टमनवर भलतीच विसंबली आहेस. १८७९ पासून तो इंग्रज सरकारचा ‘अंदमानींचा अधिकारी’ होता. त्याचा इतिहास १८९९ चा, दोन खंडांचा, आणि माहितीची खाण आहे यात वाद नाही. पण त्याने काढलेले फोटो एकदा नीट बघ. माणूस उघडा उभा केलेला, मागे मापासाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पडदा, हात कसे ठेवायचे तेही ठरवून दिलेलं. मी भिंग घेऊन पाहिले आहेत. मापं सगळी मिळतात, पण तो माणूस त्या क्षणी कुणाकडे बघतोय हे मात्र कळत नाही. पोर्टमनची पानंही तशीच वाच, पडद्याच्या चौकटी मोजत बसू नकोस.

याच पोर्टमनने १८८० मध्ये उत्तर सेंटिनेल बेटावरून एक म्हातारं जोडपं आणि चार मुलं उचलून पोर्ट ब्लेअरला आणली. सगळी भराभर आजारी पडली, म्हातारी दोघं मेली. मुलांना भेटवस्तू देऊन परत किनाऱ्यावर सोडलं. त्या मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल? २०१८ मध्ये तो अमेरिकन धर्मप्रचारक तिथे मारला गेला, तेव्हा आपल्या वाहिन्या ‘खुनशी’, ‘पाषाणयुगीन’ असं ओरडत होत्या. तुझ्या पान ९ वरही ‘पाषाणयुगीन’ आहे. खोड ते. बुडालेल्या जहाजांचं लोखंड घासून तिथले लोक बाणांची टोकं करतात. आणि १९९१ मध्ये मानववंशशास्त्र सर्वेक्षणाच्या पथकाकडून त्यांनी हातात नारळ घेतले होते, हेही त्याच पानावर येऊ दे.

‘जारवा’ हा शब्दही तपासून वापर. बेयांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘परके’ असा. ते स्वतःला आंग म्हणतात. इंग्रजांनी ग्रेट अंदमानींना वाटाडे म्हणून पुढे घालून जारवांवर मोहिमा काढल्या, आणि शेजाऱ्यांनी दिलेलं नाव सरकारी कागदात कायमचं बसलं.

आता एक कबुली. माझ्या दुसऱ्या खेपेला मी बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला गेले होते. पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते, मग पोलिसांच्या सोबतीने सगळ्या एकदम सुटतात. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. आमच्या बसमध्ये निम्मी मंडळी पुण्या-ठाण्याची. गुहांचं नाव कुणी काढत नव्हतं. सगळ्यांची एकच कुजबुज, ‘दिसतात का?’ एका वळणावर दोन मुलं दिसली आणि अख्खी बस एका बाजूला कलली. मीही कलले. इतकं वाचून, इतकं शिकवूनसुद्धा! तो रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. पुण्याची कल्पवृक्ष, मुंबईची बीएनएचएस आणि पोर्ट ब्लेअरची सेन या संस्था कोर्टात गेल्या होत्या. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातला रस्ता बंद करायला सांगितलं. मी त्यानंतर गेले होते.

तू विचारलंयस, जारवा बघायला कधी जावं. जाऊच नकोस. तुझ्या लेखाला त्याची गरज नाही. पोर्ट ब्लेअरमध्ये राहा, तिथल्या ग्रंथालयात बस, ॲबरडीनच्या लढाईचं स्मारक आहे ते बघ. रांचीहून आणलेल्या मजुरांची, पूर्व बंगालच्या निर्वासितांची, ब्रह्मदेशातून आलेल्या कॅरेन लोकांची नातवंडं भेटतील, त्यांच्याशी बोल. आणि ‘नामशेष होत चाललेले’ लिहिण्याआधी हे लक्षात ठेव की ग्रेट अंदमानींतले काही जण सरकारी नोकरी करतात आणि उद्या तुझा लेख फोनवर वाचूही शकतील.

ग्रेट निकोबार तू गाळलंयस, ते घाल. १९६९ पासून तिथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यांत मराठी कुटुंबंही होती. बेट मात्र शोंपेन आणि निकोबारी लोकांचं. २०२२ मध्ये तिथल्या बंदर, विमानतळ आणि नव्या शहराच्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली आहे. १९४७ ला तुझी गोष्ट संपते, तिथे हे प्रकरण सुरू कर. आणि त्यात ‘आपण’ हा शब्द जपून.

पुढचा मसुदा पाठवण्याआधी बोआ सीनियर यांचा आवाज ऐक. बो भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. २६ जानेवारी २०१० ला गेल्या. भाषातज्ज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. बोलायला कुणी उरलं नव्हतं म्हणून त्या पाखरांशी बोलायच्या. ऐकताना हातात पेन धरू नकोस.

पोर्टमनचे दोन्ही खंड माझ्याकडे आहेत. गुरुवारी संध्याकाळी ये, मी घरीच असते. पावसाचे दिवस आहेत, पिशवी प्लास्टिकची आण.

तुझ्या,
बाई