घरात ओव्हन नसताना रात्रीच्या जेवणाला सोपं सूप आणि ब्रेड कसं करता येईल? सहा माणसांचं पोट भरेल का?

ताई, तुम्ही चाळीसगावच्या. घरात सासू-सासरे धरून सहा माणसं, मुलांना एखाद्या रात्री सूप आणि घरचा ब्रेड हवाय, आणि सासरे विचारतात की एवढ्यानं पोट कसं भरायचं. मी भुसावळची. आमच्याकडे हा बेत नेहमी होतो, तेव्हा जसा करते तसाच सांगते.

सासऱ्यांची शंका अगदी बरोबर आहे. सूप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉर्नफ्लोअर लावलेलं हॉटेलातलं टोमॅटो सूप येतं, नाहीतर आजाऱ्याला देतात ते पातळ पाणी. त्यावर रात्र निघत नाही. सूप जेवणाचं करायचं असेल तर त्यात डाळ हवीच. डाळीनं दाटपणा येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही आणि पोटाला आधार मिळतो. खरं सांगायचं तर वरण-बट्टी ज्या घरात होते, तिथे या बेतात नवं काही नाही. इथेही पातळ डाळ आणि सोबत गव्हाचं काहीतरी भाजलेलं, एवढंच. बट्टीला सोडा किंवा मोहन घातलं की काम लगेच पुढे जातं, ब्रेडमधल्या यीस्टला मात्र वेळ द्यावा लागतो. म्हणून आधी ब्रेडचं पीठ भिजवायचं आणि ते फुगेपर्यंत सूप उरकायचं. हा क्रम पाळला तर धावपळ होत नाही.

सहा जणांसाठी ३०० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम गव्हाचं पीठ घ्या. गिरणीचं पीठ असेल तर बारीक चाळणीनं चाळून घ्या, कारण कोंडा जास्त असला की ब्रेड दडस होतो. नुसत्या गव्हाच्या पिठाचाही होतो, पण पहिल्यांदा मैदा मिसळलेलाच करा, मुलं नाराज होणार नाहीत. ज्वारी, बाजरी किंवा मक्याचं पीठ घालून बघायचा मोह होईल. अगदी मूठभर चालेल, जास्त नको. या धान्यांत ग्लुटेन नसतं, त्यामुळे यीस्टनं तयार केलेला वायू पिठात धरून राहत नाही आणि ब्रेड बसतो.

या पिठात दीड चहाचा चमचा इन्स्टंट ड्राय यीस्ट, एक चमचा साखर आणि दीड चमचा मीठ घाला. पाणी साधारण ३०० मिली लागतं, पण सगळं एकदम ओतू नका. पीठ जुनं-नवं असेल तसं पाणी कमी-जास्त लागतं. पुडीवर 'इन्स्टंट' लिहिलेलं असेल तर यीस्ट थेट पिठात टाकता येतं. 'ॲक्टिव्ह ड्राय' असेल तर आधी अर्धी वाटी कोमट पाणी, साखर आणि यीस्ट एकत्र करून १० मिनिटं ठेवा. वर फेस आला तरच पुढे जा. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, त्यावर पीठ वाया घालवू नका. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल एवढंच हवं, कारण कडक पाण्यात यीस्ट मरतं. उरलेली पुडी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.

पीठ खापरावरच्या मांड्यांइतकं सैल नको, पण पोळीच्या कणकेपेक्षा नक्की सैल हवं. इथेच पोळ्या करणारा हात आड येतो. पीठ बोटांना चिकटलं की आपण लगेच कोरडं पीठ घेतो. ते घेऊ नका, हाताला तेल लावा. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल थोडं थोडं लावत ८-१० मिनिटं मळायचं, तळहातानं पुढे ढकलायचं, दुमडायचं, पुन्हा ढकलायचं. सुरुवातीला परातीला चिकटणारा गोळा हळूहळू परात सोडतो आणि गुळगुळीत होतो. त्यातला लिंबाएवढा तुकडा दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरा. न फाटता पातळ पडदा झाला की मळणं पुरे.

आता आपल्याकडच्या हवेबद्दल. नेटवरच्या कृतीत 'एक तास झाकून ठेवा' असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे कधीच तंतोतंत लागू पडत नाही. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा पाऊण तासातच पीठ दुप्पट होतं आणि लक्ष राहिलं नाही तर आंबट वासही सुटतो. म्हणून उन्हाळ्यात मी माठातल्या पाण्यात पीठ भिजवते आणि यीस्टही थोडं कमी घालते. पौष महिन्यात उलट होतं, तेच पीठ दीड-दोन तास हलत नाही. तेव्हा डबा चुलीजवळ किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावा. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. स्टीलच्या डब्याऐवजी काचेची बरणी घेतली तर पीठ कुठवर होतं तिथे रबरबँड लावता येतो, मग दुप्पट झालं का याचा वाद राहत नाही. आठला जेवायचं असेल तर उन्हाळ्यात सव्वापाचला आणि थंडीत चार-साडेचारला भिजवायला घ्या.

पीठ झाकून ठेवलं की सुपाकडे वळा. आमच्याकडे बहुतेक वेळा गंगाफळाचं, म्हणजे लाल भोपळ्याचं करतो, कारण ते स्वस्त असतं, गोडसर असतं आणि मुलं न कुरकुरता खातात. अर्धा किलो गंगाफळ, दोन टोमॅटो, एक मोठा कांदा, सात-आठ लसूण पाकळ्या आणि पाऊण वाटी मसूर डाळ. तूरडाळही चालते, पण बोअरचं जड पाणी असेल तर ती लवकर शिजत नाही, त्यात टोमॅटोचा आंबटपणा तिला आणखी अडवतो. मसुरीला ही अडचण येत नाही. कुकरमध्ये चमचाभर तेलात कांदा-लसूण लालसर होईपर्यंत परता, घाई करू नका, सुपाची सगळी चव इथेच ठरते. मग बाकीचं टाका, सव्वा लिटर पाणी घाला आणि तीन शिट्ट्या घ्या.

गरम सूप मिक्सरमध्ये कधीच फिरवू नका. वाफेनं झाकण उडतं आणि हात भाजतो. आधी निवू द्या. लाईट गेलेली असेल तर रवीनं घोटा. घोटलेलं सूप थोडं जाडंभरडं राहतं, मला तर तेच जास्त आवडतं. पुन्हा उकळी आणून मीठ आणि मिरपूड घाला, वरून तुपात जिऱ्याची फोडणी द्या. सूप पळीवरून सरकन ओघळून जात असेल तर आणखी पाच मिनिटं उकळू द्या, दाट थर धरत असेल तर बरोबर आहे.

मोठ्यांना हे गोडूस वाटेल. आपल्याकडच्या जिभेला तिखट आणि भाजल्याचा वास हवा असतो. त्यासाठी मुलांच्या वाट्या आधी वाढून घ्या. मग उरलेल्या सुपाला विस्तवावर भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि लसूण यांचं चमचाभर वाटण आणि चिमूटभर काळा मसाला लावा. सासरे दुसऱ्यांदा वाटी पुढे करतील.

थंडीत भरिताची वांगी येतात तेव्हा गंगाफळ बाजूला ठेवून वांग्याचं सूप करून बघा. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यात बिया कमी आणि गर भरपूर असतो, त्यामुळे सूप कचकचत नाही. शेतात कुणी कपाशीच्या काड्यांवर भाजून दिलं तर त्याच्यासारखं काही नाही, नाहीतर गॅसवर भाजा. सोललेला गर, भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि शिजलेली मसूर एकत्र घोटायची, वर कांद्याची पात आणि चार शेंगदाणे. याला जिऱ्याची फोडणी नको, धुराचा वास दबतो.

एव्हाना पीठ फुगलेलं असेल. ते हलक्या हातानं दाबून हवा काढा आणि त्याचे आठ-नऊ गोळे करा. तेल लावलेल्या २० सेंटीमीटरच्या गोल डब्यात एकमेकांना जेमतेम लागतील असे ठेवा आणि परत झाका. अर्ध्या-पाऊण तासानं बोटानं हलकेच दाबून बघा. खड्डा हळूहळू भरून येत असेल तर भाजायला तयार. लगेच उसळी मारत असेल तर अजून थांबा. खड्डा तसाच राहिला तर उशीर झालाय, ताबडतोब भाजायला ठेवा.

ओव्हनऐवजी जाड बुडाचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक भांडं रिकामं तापवू नका. तळाला दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर कुकरची जाळी ठेवा, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा. डब्याच्या बाजूनं दोन बोटं मोकळी जागा राहायला हवी, नाहीतर उष्णता फिरत नाही. गोळ्यांना वरून दूध लावून डबा आत ठेवा, मध्यमपेक्षा थोड्या कमी आचेवर ३५-४५ मिनिटं ठेवा आणि पहिली २५ मिनिटं झाकण उघडू नका. हे मीठ जेवणात वापरता येत नाही, पण ब्रेडसाठी पुन्हा पुन्हा चालतं, बरणीत भरून ठेवा.

अशा भाजणीत ब्रेड खालून छान लाल होतो, वरून मात्र पांढराच राहतो. त्यासाठी लादी काढून तुपाचं बोट लावलेल्या गरम तव्यावर पालथी घाला, दोन-तीन मिनिटांत वरची बाजूही खरपूस होते. शिजलाय का ते बघायला लादी उचलून तळाला बोटानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर झालंय, भद्द आवाज आला तर परत आत ठेवा. काढल्यावर २० मिनिटं जाळीवर राहू द्या. मुलं मागे लागतील, तरी थांबा, गरम असताना कापला तर आतून ओलसर गोळा होतो.

वाढताना ब्रेडला तूप आणि सुक्या लसणाची चटणी लावा. सासूबाईंना ब्रेड रुचला नाही तर त्यांना वेगळा स्वयंपाक नको. याच सुपासोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी उत्तम लागते, उडदामुळे तिला स्वतःची चव असते. उन्हाळ्यात केलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) डब्यात असतील तर भाजून चुरा, सुपावर त्या कुठल्याही तळलेल्या ब्रेडच्या तुकड्यांपेक्षा सरस लागतात.

सूप उरलं तर डाळीमुळे सकाळपर्यंत घट्ट होतं. त्यात गार पाणी नको, उकळतं घाला आणि मीठ पुन्हा चाखून बघा. ब्रेड दुसऱ्या दिवशी तव्यावर भाजूनच खायचा. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर दीड-दोन दिवसांत बुरशी धरतो, म्हणून त्या दिवसांत मी निम्म्याच मापाचा करते.