जर्मनी की कॅनडा: प्लॉट न विकता

तुमच्या पत्रातील परिस्थिती थोडक्यात अशी आहे: वय २५, नागपूरच्या मिहानमधील कंपनीत दरमहा ४५,००० रुपये हातात, नऊ लाखांची बचत, जर्मनीतील सरकारी विद्यापीठात इंग्रजी माध्यमाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश, कॅनडातील कॉलेजात वर्षाला १८,००० कॅनेडियन डॉलर शुल्काचा दोन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्या डिप्लोमासाठी बेसा येथील प्लॉट विकायला तयार असलेले वडील. दोन्हीकडे ओळखीचे कोणी नाही, असेही तुम्ही लिहिले आहे आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. एकट्याने जाणाऱ्याने पगाराचे आकडे नंतर पाहावेत. आजारपणामुळे, नोकरी न मिळाल्यामुळे किंवा नुसते मन न रमल्यामुळे परत यावे लागले, तर नागपूरच्या पगारातून कर्ज फिटेल का, हे आधी पाहावे.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात. युरो १०५ रुपये धरल्यास हे साडेबारा लाख होतात. मात्र ते शुल्क नव्हे, तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे ते तुम्हालाच खर्चाला मिळतात. विमान, विमा, एपीएस प्रमाणपत्र (तुमच्या शैक्षणिक कागदपत्रांची जर्मनीसाठीची पडताळणी) आणि खोलीची अनामत यांसाठी आणखी अडीच लाख धरा. विद्यापीठ बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात असेल, तर प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क वाढेल. कॅनडासाठी राहण्याच्या खर्चाचेच २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, शुल्क वेगळे. डॉलर ६५ रुपये धरून प्रवासासह पहिल्या वर्षाचे २८ लाख होतात आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क पुन्हा उभेच राहते.

बचतीतील दीड लाख परतीचे तिकीट आणि नागपुरातील तीन महिने यांसाठी अजिबात मोडू नका. उरलेले साडेसात लाख वापरल्यास जर्मनीच्या पहिल्या वर्षासाठी साडेसात लाखांचे कर्ज लागते, आणि तेवढ्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. अकरा टक्के व्याजाने दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,३०० रुपये येईल, जो आजच्या पगारातूनही निघतो. कॅनडासाठी प्लॉट न विकता किमान २० लाख काढले तर हप्ता २७,५०० रुपये, आणि अभ्यासाच्या काळातही व्याज चढतच राहते. शिवाय कॉलेजच्या डिप्लोमानंतर तेथे कामाचा परवाना मिळणे आता विषयाच्या यादीवर अवलंबून आहे; सीताबर्डीच्या ज्या सल्लागाराने तुम्हाला ही जागा सुचवली, त्याने हे सांगितले का, ते विचारा.

म्हणून माझा कौल जर्मनीला आहे, पण एका अटीवर. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी त्यानंतर नोकरी शोधायला मिळणारे १८ महिने जर्मन भाषेविना फार लवकर संपतात, त्यामुळे भाषेचा वर्ग याच महिन्यात सुरू करा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग घरबसल्याही करता येतात. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, तरी पहिल्या वर्षाच्या हिशेबात ती कमाई धरू नका.

स्वतःच्या बचतीतून वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) लागत नाही; तुमची रक्कम या मर्यादेतच बसते. जाण्यापूर्वी बँकेला कळवा, गेल्यावर बचत खाते एनआरओमध्ये (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचे रुपयांतील खाते) बदलून घ्या आणि वडिलांना प्लॉटसाठी ग्राहक पाहणे थांबवायला सांगा.