कंदील विझायचा, मोबाइल विझत नाही

आक्का,
मी लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आमची पाच पिढ्यांची पडकी गढी आहे. मामंजी मार्गशीर्षात गेले. जाताना ह्यांना एवढंच म्हणाले, "गढीच्या पोटात आपलं हाय." चैत्रात परसात ट्रॅक्टरचं चाक खचलं आणि खाली भोक दिसलं. आत बांधीव कमान आहे, पुढं भुयार. म्हातारी माणसं म्हणतात, ते सहा कोसांवरच्या औशाच्या किल्ल्यापर्यंत जातं. तेव्हापासून ह्यांचं शेतात लक्ष नाही. रात्री मित्र घेऊन खणतात. एक महाराज आणलेत. ते म्हणतात, सात हंडे आहेत, एक लाख अकरा हजारांची पूजा लागेल. त्यासाठी माझ्या पाटल्या मागतायत. भोक अरुंद, म्हणून आमच्या बारा वर्षांच्या लेकाला मोबाइलची बॅटरी देऊन दोनदा आत उतरवलं. महाराजांनी विचारलं, हा पायाळू आहे का? आहे तो पायाळू, पायाकडून जन्मलेला. पुण्याच्या दिराला काही माहीत नाही. ह्यांनी मला शपथ घातलीय. सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर कर्ज. आक्का, खरंच असलं तर? मी काय करू?
— गढीची सून

पोरी,

वर छापलंय ते थोडक्यात. तुझं मूळ पत्र आठ पानांचं. त्यात भुयाराला पाच पानं, पाटल्यांना दीड, आणि लेकाला तीन ओळी. मी त्या तीन ओळींपासून सुरू करते.

ते लेकरू त्या भोकात पुन्हा उतरणार नाही. यावर घरात चर्चा नको, नवऱ्याची परवानगीही नको.

माझ्या माहेरी, परभणीकडं, ढाळजेपुढं दोन पेवं होती. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आत खोलीएवढी पोकळी, कडेनं कडबा लावलेला आणि मधे ज्वारी. पेव उघडलं की त्या दिवशी आजोबा कुणाला जवळ फिरकू देत नसत. दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. विझला की पुन्हा थांबायचं. एका वर्षी सालगड्यानं घाई केली. खाली पाय टेकला, हाक मारायला तोंड उघडलं आणि तिथंच बसला. कमरेला कासरा होता म्हणून ओढून काढता आला. संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं.

त्यात भूतबीत काही नव्हतं. ज्वारी बंद जागेत श्वास घेत राहते, ओल लागून कुजली तर आणखी जोरात. आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाला पाण्यासारखा भरून राहतो, त्याला रंग नाही आणि दिसत तर मुळीच नाही. कुठलंही बंद भुयार, आड, तळघर, जिथं वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजलाय, तिथं हेच. कंदील विझायचा, म्हणून माणूस सावध व्हायचा. (तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असंही नाही. दुसरे वायू असतात.) तुझ्या लेकाच्या हातात मोबाइल होता. मोबाइलची बॅटरी विषारी हवेतही लख्ख जळत राहते. दोनदा तो वर आला, हे नशीब. त्यावरून तिसऱ्या वेळेचा हिशेब मांडू नकोस.

आणि एक गोष्ट नवऱ्याच्या मित्रांनाही ऐकव. अशा जागी बऱ्याचदा एकटाच माणूस मरत नाही. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो, मग तिसरा. कुणी म्हणेल, डिझेल इंजिन लावून हवा खेळवू. त्याचा धूर आत गेला तर उरलीसुरली हवाही जाईल.

गढी ढासळण्याची भीती आहे ती वेगळीच. गढीची माती पांढरी. गावानं पिढ्यान्‌पिढ्या ती खणून माळवदावर टाकली, खत म्हणून शेतात नेली, त्यामुळे बुरुजाखाली किती पोखरलंय ते वरून दिसत नाही. शिवाय तुझं गाव औसा तालुक्याजवळचं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट तुमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या त्या धक्क्यानं दगडमातीच्या भिंती आतून सुटल्या, नंतर बाहेरून लिंपून घेतल्या. अशा भिंतीच्या पायथ्याशी रात्री टिकाव मारणं म्हणजे काय, हे सांगायला महाराज लागत नाही.

आता ती ओळ, जी तू जाता जाता लिहून गेलीस. "हा पायाळू आहे का?"

पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, पाणी दिसतं, हे आपल्याकडं आजी-पणजीपासून ऐकलेलं. ऐकून सोडून द्यावं असं. पण गुप्तधनाच्या मागं लागलेल्या माणसानं एखाद्या लेकराकडं बोट दाखवून हे विचारलं की माझ्या अंगावर काटा येतो, त्याला कारण आहे. १९७२ ते १९७४ या काळात आमच्या परभणी जिल्ह्यात, मानवतला, एकामागून एक मुली आणि बाया मारल्या गेल्या. पुरलेलं धन मिळवण्यासाठी रक्त द्यावं लागतं, हा विश्वास त्यामागं होता, असा खटला उभा राहिला. मी तेव्हा शाळकरी होते. दिवेलागणीनंतर आई आम्हाला अंगणाच्या बाहेर पाय ठेवू देत नव्हती.

तुझ्या नवऱ्यावर माझा संशय नाही. पण या धंद्याची चाल ठरलेली असते. आधी नारळ-लिंबू, मग कोंबडं, मग मोठी पूजा. हंडे निघाले नाहीत की "धन हललं", आणि शेवटी "भोग मागतंय". हा शब्द घरात शिरायच्या आत महाराज घराबाहेर पाहिजे. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली अमानुष, अघोरी कृत्यं करणं, करायला लावणं हा त्यात स्पष्ट गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. तो माणूस लेकराला पूजेला बसवायचं, रात्री न्यायचं, अंजन घालायचं असं काहीही बोलला, तर त्याच क्षणी ११२ लाव. लेकरासाठी १०९८ आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, ती घरी येऊन नवऱ्याशी शांतपणे बोलतात. तोवर लेकाला आठ-पंधरा दिवस मामाकडं पाठव. निमित्त काहीही सांग, उन्हाळ्याची सुट्टी आहेच.

पाटल्यांचं एका वाक्यात संपवते. त्या तुझ्या आहेत, स्त्रीधन आहे, आणि त्या उद्याच आईकडं ठेवून ये.

आता तुझा प्रश्न, "खरंच असलं तर?" हा प्रश्न विचारल्याबद्दल लाजू नकोस. कर्जाच्या घरात तो पडणारच.

आधी औशापर्यंतच्या भुयाराचं बघू. मराठवाड्यात एकही गढी अशी नाही, जिचं भुयार कुठल्यातरी किल्ल्याला जात नाही. तुझ्या नवऱ्याकडं ट्रॅक्टर आहे, त्याला ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, कळतो. त्याला म्हणावं, हिशेब कर. पाच फूट रुंद, सहा फूट उंच, लांबी सहा कोस म्हणजे वीस किलोमीटर धर. जवळजवळ वीस हजार ब्रास माती निघते. तिचा डोंगर कुठं आहे? आणि हवा? मलिक अंबरनं सतराव्या शतकात औरंगाबादला जमिनीखालून पाणी आणलं, त्या नहरीलासुद्धा ठिकठिकाणी वर तोंडं ठेवावी लागली. दौलताबादची अंधारी तर किल्ल्याच्या आतली वाट आहे, शत्रू अंधारात चुकावा म्हणून केलेली.

मग तुमच्या परसात काय आहे? धान्याचं पेव किंवा तळघर असेल. दंग्याधोप्यात बायकामुलं लपवायची जागा असेल. किंवा बुजलेल्या बारवेची, पायऱ्यांच्या विहिरीची, वाट. मला तरी बारव निघाली तर सगळ्यात आनंद होईल. परभणी जिल्ह्यातल्या वालूरला गाळात गेलेली चक्राकार बारव गावकऱ्यांनी मोकळी केली, आज लोक ती बघायला लांबून येतात. पण ते माझं वेड, तुझ्या कर्जाला त्याचा उपयोग नाही.

धन पुरलंच असेल तर कुणी? आपल्याकडं निजामाच्या रझाकारांच्या काळात, १९४८च्या आधीच्या त्या वर्षात, अनेक घरांनी हाली रुपये (निजामाची नाणी), दागिने, तांब्याची भांडी पुरली आणि बार्शी-सोलापूरकडं गेली. पोलीस ॲक्शननंतर, निजामाची राजवट गेल्यावर, माणसं परत आली. पुरणाऱ्याला जागा माहीत होती, त्यानं आल्या आल्या आधी तेच उकरलं. तुझे आजेसासरे परतून आले होते ना? मग?

तरीही काही निघालं, तर कायदा काय म्हणतो तेही ऐक. हा कायदा जुना आहे, १८७८चा निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि ते सरकारी कोषागारात जमा करायचं. लपवलं तर शोधणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद. शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजानं पुरलेलं असेल, तर त्यावर हक्क सांगता येतो. पण तो हक्क एकट्या तुझ्या नवऱ्याचा नाही. पुण्याच्या दिराचा आहे, आणि नणंदांचाही. त्याहून जुनं, बेवारस ठरलं, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जागेच्या मालकाला चौथा. सरकारला हवं असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते घेऊ शकतं. आणि जागेचे मालक म्हणून सातबाऱ्यावर, नमुना आठवर नावं कुणाकुणाची आहेत? तेव्हा रात्रीचं खणून पदरात काही पडत नाही. पडतात ते फक्त रात्रीचे तीन मित्र, उद्या तीन साक्षीदार होणारे.

"सरकार गढी घेईल" ही भीती नवरा घालेल. कळवलं म्हणजे गढी गेली असं होत नाही. एखादी जागा संरक्षित करायची तर आधी सूचना निघते, हरकतींना मुदत मिळते. आणि जुन्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, निघतं तरी काय? धाराशिव जिल्ह्यातलं तेर बघ, एकेकाळी रोमशी व्यापार करणारं गाव. तिथल्या पांढरीतून मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती वर यायच्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षं जमवल्या, आज गावात त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. एकदा घेऊन जा नवऱ्याला. लेकालाही ने.

आता नवऱ्याचं. त्याला येडा म्हणू नकोस, हसू तर अजिबात नकोस. मला तुझ्या पत्रात हंड्यांपेक्षा मामंजींचे चार शब्द जास्त वाजले. बाप जाताना थोरल्याला, पुण्यात नोकरी करणाऱ्याला, काही बोलला नाही; गढीत राहून शेत करणाऱ्याला बोलला. "आपलं हाय." तेव्हापासून तो बापाचा शब्द उकरतोय. म्हाताऱ्यानं कदाचित गढीच सोडू नका, एवढंच म्हटलं असेल. हे तू त्याला समजावू नकोस, बायकोच्या तोंडून ते खरं वाटत नाही. फक्त विचार, मामंजी त्या दिवशी आणखी काय बोलले? आणि मग गप्प बसून ऐक. ज्वारीची भाकरी वाढताना विचार, रात्री भांडणानंतर नको. कर्जाचा कागद त्याच वेळी पुढं ठेव आणि म्हण, बँकेत आपण दोघं जाऊ.

शपथेचं काय? लेकराच्या जिवापुढं शपथ चालत नाही. तरी नवऱ्याला एक संधी दे. त्याला म्हण, दोन दिवसांत भावाला तुम्ही फोन करा, नाहीतर तिसऱ्या दिवशी मी जावेला करीन. आणि तिसऱ्या दिवशी खरंच कर. भाऊ रागावेल, "मला न सांगता?" म्हणेल. रागावू दे. तो गावी आला की दोघं मिळून तहसीलला एक अर्ज द्या, परसात जुनं बांधकाम सापडलंय, पुरातत्त्व विभागानं पाहणी करावी. अर्जाची पोच घ्या. पोच हातात आली की महाराज आपोआप कमी यायला लागतो, असा माझा अनुभव आहे.

भोक मातीनं बुजवू नकोस, मातीखाली काय आहे ते कळायचं राहील आणि नवरा पुन्हा उकरेल. जुनी वखर, लोखंडी फाटक, काही जड असेल ते आडवं टाक, वर काटे टाक.

आणि मला त्या कमानीचा एक फोटो पाठव. दगडाची आहे की विटांची, चुन्यात बांधलीय की मातीत, एवढं दिसू दे. फोटो दिवसा काढ, कडेपासून चार हात लांब उभी राहून, वरूनच.

— आक्का