विझत जाणारा स्वर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी गेली बारा वर्षे हार्मोनियम शिकत आहे आणि भावगीतांना चाली लावण्याचा मला छंद आहे. अलीकडे देब्यूसी, रावेल अशा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या रचनाकारांच्या पियानोरचना ऐकू लागलो. ऐकताना बरे वाटते. परंतु चाल कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हेच उमगत नाही. चाल बांधणाऱ्याने हे संगीत कसे ऐकावे आणि वाजवणाऱ्याने कसे ऐकावे?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आपण दोन प्रकारच्या ऐकण्याविषयी विचारले आहे; या काळातील पियानोसंगीतापुरते तरी ते ऐकणे एकच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याचे कारण आपल्या पेटीपासूनच सांगतो. हार्मोनियमच्या भात्यात हवा आहे तोवर स्वर जसाच्या तसा उभा राहतो. पियानोत पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते आणि त्याच क्षणापासून स्वर विझू लागतो. पट्टी कितीही दाबून धरली तरी त्या विझण्याला अटकाव करता येत नाही. उजवे पेडल दाबले की सर्व तारांवरचे दाबक, म्हणजे नाद थांबवणाऱ्या गाद्या, एकदम उचलले जातात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा वाजलेल्या स्वराला साद देऊ लागतात. पूर्वीच्या रचनाकारांना हे ठाऊक नव्हते असे नाही, शोपँने तर त्याचा फार सुंदर उपयोग केला. परंतु स्वराचे हे विझणे हाच रचनेचा कच्चा माल मानून त्यावर संपूर्ण रचना उभी करण्याचे काम १९०० नंतरच्या पिढीने केले. म्हणून चाल शोधत बसलात तर हात रिकामे राहतात. स्वर उमटल्यावर मागे काय उरते, तिकडे कान लावावा लागतो. तानपुऱ्याची आस ऐकत वाढलेल्या माणसाला हे अवघड नाही.

एक प्रयोग करून पाहावा. देब्यूसीच्या प्रेल्यूडांचे, म्हणजे छोट्या स्वतंत्र पियानोरचनांचे, पहिले पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यातील दुसऱ्या रचनेचे नाव ‘व्वाल’. फ्रेंच भाषेत या एका शब्दाचे ‘पडदे’ आणि ‘जहाजाची शिडे’ असे दोन अर्थ होतात. देब्यूसीने ही नावे प्रत्येक रचनेच्या शेवटी, कंसात छापून घेतली. म्हणजे वाजवणाऱ्याने आधी स्वरांना भेटावे आणि नाव मागाहून वाचावे. आपल्या पेटीवर मंद्र सप्तकातील काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, धरून ठेवा आणि तिलाच षड्ज माना. आता वर शुद्ध रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद एवढेच स्वर वाजवा. पंचम नाही, शुद्ध मध्यमही नाही, आणि लगतच्या कोणत्याही दोन स्वरांमधले अंतर सारखेच. त्यामुळे कोठेही टेकले तरी घरी पोहोचल्यासारखे वाटत नाही. रचनेचा बहुतेक भाग या सहा स्वरांतच फिरतो. रचना सुमारे दोन तृतीयांश पुढे गेल्यावर मात्र, फक्त सहा बारांपुरते (बार म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेला मात्रांचा एक खण), सारे स्वर पाच काळ्या पट्ट्यांवर येतात, आणि खाली तीच काळी पाच चालू असते. तिला षड्ज मानून वरचे स्वर मोजलेत, तर कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे थेट मालकंसाचे स्वर हाती येतात. तेथे मालकंस आहे असे माझे म्हणणे नाही, कारण राग चलनाने होतो, नुसत्या स्वरांनी होत नाही. परंतु पडदा क्षणभर बाजूला होऊन वारा आत यावा तसे जे तेथे वाटते, त्याचे कारण आपल्याला आपल्याच परिभाषेत सापडते.

चाल बांधणारा येथे विचारील की हे सहाच बार का, आणि ते अगदी मध्यावर न ठेवता पुढे का ढकलले. वाजवणाऱ्यापुढची अडचण अशी की दोन्ही हात वर गुंतलेले असताना खालची काळी पाच तेवत कशी ठेवायची. बोटांनी ते जमत नाही, पावलाने जमते. पेडल पूर्ण न सोडता किंचितच उचलले, तर वरच्या बारीक तारांचा नाद पुसला जातो आणि खालच्या जाड तारेचा बराचसा टिकून राहतो. याला अर्धे पेडल म्हणतात. आता पाहा, खालचा स्वर नीट उरला नाही तर त्या सहा बारांचा अर्थच बदलतो. रचनेचा प्रश्न आणि पावलाचा प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, ते असे.

देब्यूसीच्या स्वतःच्या पियानोचीही येथे आठवण होते. त्याच्याकडे ब्ल्यूथनर कंपनीचा पियानो होता आणि त्या कंपनीच्या विशेष बनावटीत वरच्या सप्तकांतील प्रत्येक स्वराला एक जास्तीची तार असते, जिला हातोडी शिवत नाही. ती केवळ सहकंपाने बोलते. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफेच्या तारा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला याहून अधिक काही सांगायला नको.

हीच काळी पाच रावेलच्या १९०८ मधील ‘गास्पार द ला न्युई’ या तीन रचनांच्या संचातही भेटते. त्यातील मधली रचना वधस्तंभाविषयी आहे आणि तिच्यात दूरच्या घंटेसारखा हा एकच स्वर आरंभापासून अखेरपर्यंत न बदलता वाजत राहतो. भोवतीचे स्वरसमूह बदलतात, आणि तोच स्वर दर वेळी निराळा भासतो. हा संच रिकार्दो विन्येस या स्पॅनिश वादकाने ९ जानेवारी १९०९ रोजी पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर केला. देब्यूसी आणि रावेल या दोघांच्याही कितीतरी रचना प्रथम त्याच्याच हातून लोकांपुढे आल्या. तरीही पुढे रावेलने एका पत्रात तक्रार केली की श्रोते कंटाळतील या भीतीने विन्येस ती घंटेची रचना रावेलला हव्या त्या लयीत वाजवायला तयार नव्हता. मला या बाबतीत रावेलचे म्हणणे पटते. घंटा संथ आणि निर्विकार राहिली तरच तिच्याभोवतीचा बदल ऐकू येतो.

प्रश्न : माझी मुलगी पियानोच्या परीक्षेसाठी देब्यूसीची ‘बुडालेले चर्च’ ही रचना बसवत आहे. तिच्या शिक्षिकांचा आग्रह असा की कागदावर छापले आहे तसेच वाजवावे. परंतु रचनाकाराच्या स्वतःच्या वादनात काही भाग छापील खुणेपेक्षा दुप्पट जलद ऐकू येतो. आम्ही कोणाचे मानावे?
— एक वाचिका, खानापूर

उत्तर : आपल्या मुलीने कान उघडे ठेवले आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटला. ही रचना त्याच पहिल्या पुस्तकातील दहावी आहे आणि ब्रिटनी किनाऱ्यावरच्या एका दंतकथेशी तिचे नाते आहे : समुद्रात बुडालेल्या ईस नगरीतील चर्च कधीकधी पाण्यावर येते आणि त्याच्या घंटा ऐकू येतात. १९१३ च्या सुमारास देब्यूसीने वेल्टे कंपनीच्या आपोआप पियानो वाजवणाऱ्या यंत्रासाठी कागदी गुंडाळ्यांवर आपल्या काही रचना वाजवून ठेवल्या, त्यांत ही आहे. सातव्या बारापासून बाराव्यापर्यंत आणि पुन्हा बाविसाव्या बारापासून पुढच्या मोठ्या भागात तो लय दुप्पट करतो. छापील प्रतीत तशी सूचना नव्हती.

अशा गुंडाळ्यांवर किती विश्वास ठेवावा, असे मुलीच्या शिक्षिका विचारतील आणि ते योग्यच आहे. यंत्र कोणत्या वेगाने फिरवले जाते यावर संपूर्ण रचनेचा वेग अवलंबून असतो आणि बोटांच्या वजनाचे बारकावे तेथे पुरेसे उतरत नाहीत. परंतु यंत्राचा वेग चुकला तर सगळेच बार सारखे जलद होतील. एका भागाचे दुसऱ्या भागाशी असलेले प्रमाण बदलणार नाही. म्हणून ही दुप्पट लय यंत्राचा दोष नसून रचनाकाराचा हेतू आहे, असे अभ्यासकांनी मानले आणि संशोधित आवृत्तीत त्याप्रमाणे खूणही आली. वाजवून पाहिले तर हातांनाही ते पटते, कारण संथ लयीत त्या भागातील भव्य स्वरसमूह एकमेकांना पोहोचण्याआधीच विझून जातात. परीक्षेपुरते मात्र शिक्षिकांशी आधी बोलून, कोणती आवृत्ती वापरत आहोत हे स्पष्ट ठेवावे. गुरूला डावलून घेतलेला निर्णय, तो बरोबर असला तरी, मुलीच्या हाताला सैल सोडत नाही.

वाजवणारा आणि रचणारा एकाच देहात असले म्हणजे कागद अखेरचा शब्द राहत नाही, याचे आणखी एक उदाहरण राखमानिनोव या रशियन रचनाकाराचे आहे. १९१७ साली रशिया सोडल्यावर त्याला पोटासाठी मैफलींचा वादक व्हावे लागले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्याने नवे असे अगदी थोडे लिहिले. १९३१ मधील कोरेल्ली या जुन्या इटालियन रचनाकाराच्या विषयावरची त्याची रूपांतरे, म्हणजे एकच धून दर वेळी नव्या रूपात मांडणारे तुकडे, त्याने मैफलींत क्वचितच संपूर्ण वाजवली. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की श्रोत्यांचा खोकला वाढला की मी पुढचे रूपांतर गाळतो. मला हे वाचून वाईट वाटते. ती रूपांतरे गाळण्यासारखी नाहीत.

प्रश्न : म्हैसूरच्या महाराजांनी एका रशियन पियानोवादकाला मदत केली होती, असे कोणीतरी सांगितले. यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पूर्ण तथ्य आहे. राखमानिनोवने ज्याला खोकल्याची ती हकिगत कळवली, तोच हा मित्र, निकोलाय मेत्नर. जन्म १८८० चा, आणि राखमानिनोवप्रमाणेच आपल्या रचना स्वतः उत्तम वाजवणारा. दोघांनी एकमेकांना एकेक कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना, अर्पण केला आहे. मेत्नरने पियानोसाठी ‘स्काझ्का’, म्हणजे कथा, या नावाने कितीतरी लहान रचना लिहिल्या; त्यांत खरोखरच कोणीतरी दिवेलागणीला गोष्ट सांगत असल्यासारखी लय असते. नव्या वाऱ्यांशी त्याने जुळवून घेतले नाही. अखेरची वर्षे तो लंडनमध्ये राहत होता, प्रकृती ढासळलेली आणि उत्पन्न बेताचे. अशा वेळी म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांनी त्याच्या रचना ध्वनिमुद्रित करून घेण्यासाठी पैसा उभा केला. महाराज स्वतः पाश्चात्त्य संगीताचे जाणकार होते आणि ‘श्रीविद्या’ या मुद्रेने त्यांनी कर्नाटक पद्धतीच्या अनेक कृती रचल्या. त्या आश्रयामुळे मेत्नरने आपले तिन्ही कॉन्चेर्तो आणि इतर अनेक रचना स्वतःच्या हाताने वाजवून मागे ठेवल्या. तिसरा कॉन्चेर्तो त्याने महाराजांनाच अर्पण केला. १९५१ साली तो वारला. त्या काळी आपला बेळगाव जिल्हा म्हैसूरकडे नव्हता, मुंबई इलाख्यात होता, तेव्हा या गोष्टीवर आपला हक्क सांगता येणार नाही; तरी ती ध्वनिमुद्रणे ऐकताना मला दर वेळी कृतज्ञता वाटते, कारण त्या आश्रयावाचून रचनाकाराच्या हातची मेत्नरची लय आज आपल्यापर्यंत इतकी भरघोस पोहोचली नसती.

प्रश्न : पियानो घेणे शक्य नाही, साधा कीबोर्ड आहे. वयाच्या चाळिशीत सुरुवात करायची तर या काळातील कोणत्या रचनांपासून करावी?
— एक शिक्षक, चिकोडी

उत्तर : हंगेरियन रचनाकार बेला बार्टोकच्या ‘मिक्रोकोस्मोस’पासून करावी. सहा भागांत १५३ रचना आहेत, १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेल्या, आणि पहिल्या रचनांत दोन्ही हात पाच बोटांच्या जागेवरून हलतसुद्धा नाहीत. बार्टोक मैफलींत वाजवणारा होता आणि बुडापेस्टच्या अकादमीत रचनाशास्त्र नव्हे, तर पियानोच शिकवत असे. त्यामुळे प्रत्येक रचना एका बोटाची अडचण सोडवते आणि त्याच वेळी एक रचनेची कल्पनाही पुरी करते. १९०६ पासून त्याने फोनोग्राफ घेऊन खेड्यापाड्यांतील गाणी गोळा केली. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातील लोकगीतांकडे ज्या आस्थेने पाहिले, तिच्याशी या कामाचे जवळचे नाते मला दिसते. संचातील अखेरच्या सहा रचना बल्गेरियन लयींत आहेत. क्रमांक १५० मध्ये दोन आणि तीन अशी विभागणी आहे, जी झपतालाचा ठेका धरणाऱ्या हाताला लगेच ओळखीची वाटेल. क्रमांक १४९ मध्ये दोन, दोन, तीन, म्हणजे रूपकाची उलटी बाजू. तेथवर पोहोचायला काही वर्षे लागतील, तरी ऐकायला आजच हरकत नाही.

कीबोर्डबद्दल एवढेच, की पहिल्या दोन भागांपर्यंत तो पुरेल. पुढे शक्य झाल्यास ८८ वजनदार पट्ट्यांचा आणि पेडल जोडता येणारा डिजिटल पियानो घ्यावा. आपल्या भागातील पावसाळ्यात खऱ्या पियानोचे लाकूड ओल धरते, पट्ट्या अडकतात आणि स्वर उतरतात-चढतात, ही कटकट त्यात नाही. मात्र देब्यूसीकडे वळण्याआधी एकदा कोठेतरी, एखाद्या चर्चच्या सभागृहात किंवा गोव्यात कोणाच्या घरी, खऱ्या पियानोसमोर बसावे. पेडल दाबून ठेवावे, डाव्या टोकाकडची एकच पट्टी वाजवावी आणि स्वर पूर्ण विझेपर्यंत हात उचलू नये.