मूळ मालिकेत नसलेले वाक्य

“मुलगी रात्ररात्र जागून कुठल्याशा मालिकेतल्या माणसांच्या गोष्टी लिहिते. अभ्यास सोडून हे काय खूळ? पुढे काही मोठे दुखणे तर नाही ना?” समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. आवडत्या मालिकेतील पात्रे घेऊन त्यांची आपली स्वतःची कथा रचणे याला मुले फॅनफिक्शन किंवा नुसतेच ‘फिक’ म्हणतात. हा प्रकार आजकालच्या मोबाईलने आणलेला नाही. १९६०च्या दशकात ‘स्टार ट्रेक’चे अमेरिकी चाहते अशा कथांची हौशी नियतकालिके काढत असत, आणि २००९ साली खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्याच ऑनलाइन कथासंग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तेव्हा नुसते लिहिणे हा आजार नव्हे, हे मी पालकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकते.

मात्र या प्रश्नाच्या पोटात बहुधा दुसरा प्रश्न असतो, आणि मुलाने निवडलेले कुटुंब भांडकुदळ असले की तो हमखास बाहेर येतो. ईशाची आई (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) म्हणाली, “मॅडम, आमच्या घरात आवाज चढवून कोणी बोलत नाही. मग हिला दुसऱ्यांच्या घरातली भांडणं एवढी का आवडतात?”

ईशा अकरावीत होती आणि तिची मालिका होती ‘साराभाई वर्सेस साराभाई’. २००४ साली ‘स्टार वन’वर सुरू झालेली ही मालिका ईशाच्या जन्माआधीची, तिने ती मोबाईलवर पाहिली आणि पुन्हा पुन्हा पाहिली. मुंबईतल्या कफ परेडचे श्रीमंत कुटुंब, सुनेचे सगळेच ‘मिडल क्लास’ वाटणारी माया, धाकट्या मुलाची टर उडवल्याशिवाय दिवस न जाणारा तिचा नवरा इंद्रवदन आणि कुणी कितीही हसले तरी कविता ऐकवणारा तो नाटकवेडा धाकटा, रोसेश. ईशाच्या कथेचा नायक रोसेश होता.

“रोसेशच का गं?” मी विचारले.

“कारण सगळे त्याला हसतात आणि एपिसोड संपतो. पुढच्या वेळी सगळं पहिल्यासारखं. त्या रात्री तो खोलीत जाऊन काय करत असेल, ते कुणी दाखवतच नाही.”

सोळा वर्षांच्या मुलीने विनोदी मालिकेची रचनाच मला दोन वाक्यांत सांगितली होती. अशा मालिकेत अपमानाची वसुली होत नाही, प्रत्येक भागाच्या शेवटी पाटी कोरी होते; मालिका चालावी म्हणून ते आवश्यकही असते. ईशाला त्या कोऱ्या पाटीवर आधी काय लिहिले होते ते हवे होते.

अशा वेळी मी माझी एक पद्धत कटाक्षाने पाळते आणि ती मला क्वचितच दगा देते. मूल लिहीत असलेली मालिका मी स्वतः पाहते आणि मग कथेत मुळाला धरून काय आहे याकडे न पाहता, मुळात नसलेले काय आले आहे तेवढेच शोधते. उसने घेतलेले सगळे बाजूला केले की उरते ते मुलाचे स्वतःचे असते. ईशाने पंधरा-वीस पाने स्वतः निवडून मला वाचायला दिली. तिच्या कथेत रोसेश घर सोडून दादरला, शिवाजी मंदिर नाट्यगृहाजवळ एका खोलीत राहायला जातो. त्या रात्री कफ परेडच्या टेबलावर माया रिकाम्या खुर्चीकडे पाहून म्हणते, “रोसेश, तुझ्या वडिलांना सांग, सूप निवतंय.” (कथा हिंदी-इंग्रजी सरमिसळीत आहे, मराठी माझे.) निरोप पोहोचवायला कोणी नाही, आणि नवरा-बायको आपापल्या ताटांकडे पाहत बसतात.

ते पान ईशाच्या संमतीने आईवडिलांसमोर वाचले गेले. तिनेच ते वाचून दाखवले. मग मी विचारले, “माया नवऱ्याशी अशी बोलते का कधी?”

“नाही. ती तोंडावर बोलते. दोघंही.”

“मग हे वाक्य कुठून आलं?”

ईशा गप्प राहिली. बऱ्याच वेळाने तिचे वडील म्हणाले, “हे आमच्याकडचं आहे.”

त्यानंतर आईने जे विचारले ते त्या सगळ्या भेटींमधले मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात स्वतःचा बचाव नव्हता. “तुला कंटाळा येतो का गं, आमचे निरोप सांगायचा?”

“कंटाळा नाही येत. मी बदलून सांगते ना. तू म्हणतेस, ‘त्यांना म्हणावं, भूक असली तर या.’ मी जाऊन सांगते, ‘बाबा, आई जेवायला बोलावतेय.’ मग बाबा म्हणतात, ‘तिला सांग, मला वेळ आहे,’ आणि मी सांगते, ‘बाबा पाच मिनिटांत येताहेत.’”

ते ऐकताना मला उलगडा झाला. ही मुलगी कितीतरी वर्षे घरात हेच करत आली होती. दुसऱ्यांच्या तोंडची वाक्ये घ्यायची, त्यांतला काटा काढायचा आणि गोड करून पुढे द्यायची. लॅपटॉपवरचे लेखन हा त्याच कामाचा दुसरा भाग होता. फरक इतकाच की तिथे तिने त्या निरोप्याला सुट्टी दिली होती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी सांगून ठेवले आहे की दोन माणसांमधला ताण सोसेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, आणि घरात हा तिसरा बहुतेक वेळा मूलच असते. एकट्या मुलाकडे पाहू नये, सगळ्या घराकडे पाहावे, हा माझा आग्रह याच विचारातून आलेला आहे. आवाज न चढणारे घर शांत असतेच असे नाही.

पुढच्या भेटींना मी ईशाला बोलावले नाही, आईवडिलांना बोलावले. घरात एकच नियम ठरला, की मीठ हवे असले तरी ज्याचे त्याने मागायचे, ईशामार्फत काहीही नाही. पहिले काही आठवडे घर मुके झाले आणि आई धास्तावली. ती शांतता अवघड असली तरी खरी आहे, हे मी दोघांना सांगत राहिले. हळूहळू त्यांच्यात थेट भांडणे होऊ लागली, आणि मला ती प्रगती वाटली.

आता इतर पालकांसाठी. प्रत्येक फिक हा घराचा आरसा असतो असे कृपया धरून चालू नका. ईशानेच मला बजावले होते की अर्धी प्रकरणे तिने केवळ गंमत म्हणून लिहिली आहेत. कित्येक मुले मैत्रिणींसाठी लिहितात, काही लेखनाचा हात बसवण्यासाठी लिहितात. ‘ही आई म्हणजे मी का?’ असे विचारून मुलाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नका. ‘रोसेश पुढे काय करणार आहे?’ असे पात्राविषयी विचारा, आणि उत्तर आले की मध्ये बोलू नका.

लिहून उठलेले मूल उदास दिसले तर लगेच घाबरू नका. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या दुःखद अनुभवांविषयी लिहिले. लिहून झाल्याबरोबर ते अधिक खिन्न होते, पण पुढच्या काही महिन्यांत अनुभवाबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांचे आजारपणासाठी डॉक्टरकडे जाणे कमी झाले. त्याहून बोलका आहे तो १९९६ मधला ग्रीनबर्ग, वर्टमन आणि स्टोन यांचा अभ्यास. त्यात स्वतःच्या वाट्याला न आलेल्या, कल्पिलेल्या आघातांविषयी लिहिणाऱ्या स्त्रियांनाही असा लाभ दिसला. परक्याचे दुःख लिहिणे वाया जात नाही, असे मी ठामपणे म्हणते त्याला हा आधार आहे.

काळजी कधी करावी, तेही स्पष्ट सांगते. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, जिवलग मैत्रिणी तुटल्या, कथेत स्वतःला इजा करण्याचे प्रसंग वारंवार येऊ लागले किंवा कोणी अनोळखी वाचक फोटो अथवा भेट मागू लागला, तर वाट न पाहता मदत घ्या. लहान वयाचे मूल असेल तर अशा कथासंग्रहांत प्रौढांसाठीचा मजकूरही असतो, हे लक्षात ठेवून ते काय वाचते याची माहिती ठेवा. झोपेची वेळ ठरवून लॅपटॉप बंद करायला लावणे हा पालकांचा हक्क आहे. फाईल पुसून टाकणे हा नाही.

आणि चोरून वाचले असेल तर कबूल करा. ईशाच्या आईला हे सर्वांत जड गेले, कारण माझ्याकडे येण्यापूर्वीच तिने ती फाईल उघडून पाहिली होती. एका रविवारी भाजी निवडताना तिने ते मुलीला सांगितले. ईशा दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तिने आईला स्वतःच फाईल पाठवली आणि खाली लिहिले, “सगळं वाच. फक्त चौथं प्रकरण आत्ता नको, ते मी परत लिहितेय.”