कीव आली की कणव?

प्रश्न : शेजारच्या काकूंचा बैल गेल्या महिन्यात वीज पडून गेला. मी तेव्हा लातूरला होते. फोनवर मेसेज पाठवला, 'काकू, तुमची फार कीव आली.' तेव्हापासून त्या धड बोलत नाहीत. शब्दकोशात कीव म्हणजे दया असंच दिलंय. माझं चुकलं कुठं?
– एक वाचक, औसा तालुका

उत्तर : ताई, तुमच्या मनात वाईट नव्हतं, हे पत्रावरून कळतंच. घात केला तो शब्दानं.

कीव हा शब्द मूळचा मोठ्या घरचा. संस्कृतात 'कृपा', प्राकृतात 'किवा', मराठीत 'कीव'. कृपा देवापाशी राहिली आणि कीव माणसांत येऊन उतरणीला लागली. आज आपण एखाद्याच्या अकलेची कीव करतो. अकलेची कणव आल्याचं कुणी कधी ऐकलंय का? दुसरं म्हणजे, कीव 'करता' येते. कणव करत नाहीत, ती येते, आपसूक. म्हणून 'तुमची कीव आली' यात तुम्ही ओसरीवर आणि काकू खाली अंगणात, असं काकूंना ऐकू आलं असणार.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीत शिकलो. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. दोन दिवसांनी मित्रांबरोबर तिथं पोचलो. माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, सगळं बसलेलं. एका ढिगाऱ्यापाशी एक म्हातारी हातानं माती उकरत होती. नखांत माती, पदर कमरेला खोचलेला. मला काही सुचेना. नुसता उभा राहून 'अरेरे, अरेरे' करत राहिलो. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "कीव नगं करू लेकरा. हात लाव." आम्ही हात लावला. मातीखालून तिचं जातं निघालं, वरची तळी फुटलेली. ती त्या जात्यावर हात फिरवत बसली आणि तेव्हा माझ्या पोटात जे कालवलं, त्याला मी आजवर कणव म्हणत आलोय.

याच कुळातला तिसरा शब्द कळवळा. विंचू चावला की माणूस कळवळतो. दुखणं ज्याचं त्याचं. तेच दुखणं दुसऱ्याचं असून आपल्या अंगात उठलं की कळवळा. तुकोबांनी तो आईच्या मायेला लावलाय : 'ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभावीण प्रीती ॥'

बोलताना मात्र आपल्या भागात यातलं काहीच फारसं येत नाही. आपण म्हणतो, 'लई जीव तुटला बघा.' तुमच्या मेसेजात एवढंच असतं तरी पुष्कळ होतं.

आता दुसरा मेसेज करू नका, घरी जा. बैलाचं नाव ठाऊक असेल तर नावानं विषय काढा, काकूंना बोलू द्या. आणि पोळ्याच्या दिवशी, जोडीतला उरलेला एकटा बैल त्या धुवायला काढतील, तेव्हा बादली तुम्ही धरा.