नदीतला ओंडका कोणाचा?

प्रश्न : सिरोंच्याजवळ प्राणहितेचे पाणी उन्हाळ्यात उतरले की वाळूत रुतलेल्या एका जाड ओंडक्याचे टोक उघडे पडते. टोक करवतीने सपाट कापलेले असून थोडे तासल्यावर आत साग दिसतो. पूर्वी ओंडके नदीतूनच वाहून नेत, असे आमच्याकडील वडीलधारे सांगतात. इतकी वर्षे पाण्यात राहून तो कुजला कसा नाही? आणि तो काढून दारे-खिडक्यांसाठी वापरता येईल का?
— एक वाचक, सिरोंचा

उत्तर : लाकूड निव्वळ पाण्याने कुजत नाही, पाणी आणि हवा एकत्र मिळाली की कुजते. कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो आणि पाण्याने तुडुंब भरलेल्या, गाळात गाडलेल्या लाकडात तो जवळजवळ नसतो. तेथे काही जिवाणू अतिशय संथपणे लाकूड खात राहतात. परंतु त्यांचा उपद्रव बहुधा सालीलगतच्या कोवळ्या लाकडाला होतो, गाभ्याला फारसा नाही. आपल्या ओंडक्याचे टोक मात्र दर उन्हाळ्यात उघडे पडते. जेथे लाकूड आलटून पालटून भिजते आणि सुकते तेथेच ते आधी खराब होते, म्हणून टोक पोखरलेले आणि वाळूखालचा भाग शाबूत, अशी स्थिती असण्याचा संभव अधिक.

साग बुडालाच कसा, हेही ध्यानात घ्यावे. लाकडाचा घन भाग पाण्याच्या सुमारे दीडपट जड असतो आणि लाकूड तरंगते ते केवळ आतील पोकळ्यांतल्या हवेमुळे. ताजा साग ओलाव्याने इतका जड असतो की तो सहसा तरंगत नाही; म्हणूनच ब्रह्मदेशात बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड उभेच दोन-तीन वर्षे सुकू देत आणि मगच तोडून नदीत सोडत.

बुडालेले ओंडके काढण्याचा रीतसर व्यवसाय अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात चालतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील लांब सुयांचा पाइन आणि सायप्रस तोडून सुवानी, अपालाचिकोला यांसारख्या नद्यांतून गिरण्यांकडे सोडत, तेव्हा राळेने जड झालेले कित्येक ओंडके तळाला गेले. या पाइनची जंगले एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर होती आणि आता त्यांचा अल्प अंशच उरला आहे. तसे दाट वलयांचे लाकूड नव्या झाडांत मिळत नसल्याने पाणबुडे नदीच्या तळाशी उतरतात. तेथेही हे ओंडके सरकारी मालमत्ता मानले जातात, परवाना घ्यावा लागतो, आणि कुऱ्हाडीने किंवा करवतीने कापलेलेच ओंडके काढता येतात. आपोआप पडलेली झाडे माशांच्या आसऱ्यासाठी तशीच ठेवावी लागतात.

आपल्याकडचा नियम तर त्याहून जुना आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४५ नुसार वाहत आलेले, काठाला लागलेले अथवा बुडालेले लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, सरकारचे समजले जाते. वन अधिकारी ते गोळा करून जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगण्यासाठी किमान दोन महिन्यांची मुदत देतात. तेव्हा ओंडका आपल्याला दिसला एवढ्यावरून तो आपला होत नाही, आणि रात्री ट्रॅक्टर लावून ओढून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. टोकावर मालकीची खूण म्हणून उमटवलेला हातोड्याचा ठसा असल्यास त्याचे छायाचित्र जोडावे. तो खरवडू नये, कारण अशी निशाणी गैरहेतूने पुसणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. प्राणहितेच्या पलीकडचा काठ तेलंगणाचा आहे, म्हणून ओंडका पात्रात नेमका कोठे आहे हेही स्पष्ट लिहावे.

पुढे लिलावात किंवा परवानगीने तो आपल्याला मिळालाच, तर घाई करू नये. पाण्याबाहेर आल्यावर टोके भराभर सुकतात, आतला भाग ओलाच राहतो आणि लाकूड तडकते. म्हणून त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावावा. आरागिरणीत नेण्यापूर्वी भेगांतील वाळू धुऊन काढावी, नाहीतर पात्याचे दात बोथट होतात. फळ्या मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचाव्यात आणि दाराच्या चौकटीसाठी त्या निदान एक उन्हाळा तरी तशाच राहू द्याव्यात.